घड्याळातली साखर

उल्हासनगरच्या बाजारात चार्जर-कव्हरांच्या शेजारी स्वस्त स्मार्टवॉचही टांगलेली असतात. अंबरनाथ-बदलापूरची आपली मंडळी ती हौसेने घेतात. काही घड्याळे सुई न टोचता साखर मोजल्याचा दावा करतात. त्यावर आम्ही विसंबत नाही. अशा एकाही घड्याळाला मान्यता दिलेली नाही, असे अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावले आहे.

रमजानमध्ये मधुमेही रोजेदाराने त्या आकड्यावर भरवसा ठेवला, तर जिवावर बेतू शकते. बोटाला सुई टोचल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. साखर ७०च्या खाली गेली, तर रोजा सोडावा, असे डॉक्टर सांगतात. सूरह बकराच्या १८५व्या आयतीत आजाऱ्याला सवलत आहेच. घड्याळात नमाजची वेळ पाहू या. अम्मीची साखर मात्र ग्लुकोमीटरवरच तपासू या.