चितेगावचा टीव्ही : वेणुगोपाल धूत यांची वाटचाल

आम्ही बीड जिल्ह्यातल्या कड्याकडची माणसं पैठणच्या वाटेने संभाजीनगरला निघालो की अलीकडे चितेगाव लागतं. व्हिडिओकॉनचा कारखाना इथला. मराठवाड्यात बनलेला रंगीत टीव्ही देशभर जातो, याचं त्या काळी फार अप्रूप होतं.

व्हिडिओकॉनचे प्रमुख राहिलेले वेणुगोपाल धूत यांचा जन्म १९५१ चा. अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्यात झालं. वडील नंदलाल धूत उसा-कापसातले. १९५५ साली त्यांनी गंगापूरला साखर कारखाना उभारला. कड्यालाही सहकारी साखर कारखाना झाला, त्यामुळे ते जग आम्हाला परकं नाही. त्या जगातून इलेक्ट्रॉनिक्सकडे वळणं ही मात्र मोठीच उडी होती.

१९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांबरोबर घरोघरी रंगीत टीव्हीची ओढ लागली. धूतांनी जपानच्या तोशिबाशी तांत्रिक करार केला. टीव्हीमागोमाग वॉशिंग मशीन, फ्रिज, एसी आले. पण त्यांचा खरा पराक्रम मला सुट्या भागांत दिसतो. टीव्हीतला सर्वांत महाग आणि अवघड भाग म्हणजे पिक्चर ट्यूब : आत निर्वात, मागे इलेक्ट्रॉन गन, समोर फॉस्फरचा थर. तिची काचसुद्धा व्हिडिओकॉन समूह भरूचला स्वतः बनवू लागला. कोरियन कंपन्या भारतात उतरल्यावरही व्हिडिओकॉनचा बाझूका टीव्ही दुकानात टिकला, त्यात या तयारीचा मोठा वाटा होता.

याच ताकदीने पुढे घात केला. २००५ मध्ये धूतांनी फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा २४ कोटी युरोंना घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीनमधले कारखाने हाती आले. छाती अभिमानाने फुलावी अशीच ती बातमी होती. पण इलेक्ट्रॉनचा झोत पडदाभर फिरवायचा तर मागे खोली लागतेच, म्हणून ट्यूब फार चपटी होत नाही. एलसीडीला ती अडचण नव्हती. बघता बघता ट्यूबचं गिऱ्हाईक संपलं. समूहाच्या घसरणीसाठी लोक कर्जाकडे बोट दाखवतात. माझ्या मते घसरण इथे सुरू झाली.

तेलाच्या धंद्याच्या जोडीला मग मोबाइल सेवा आली. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ दूरसंचार परवाने रद्द केले, त्यात व्हिडिओकॉनचेही होते. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बँक कर्जाच्या प्रकरणात सीबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये धूत यांना अटक केली. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला.

त्याआधी, जून २०२१ मध्ये, समूहातल्या तेरा कंपन्यांसाठी २,९६२ कोटींची बोली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत न्यायाधिकरणाने मान्य केली होती. जानेवारी २०२२ मध्ये अपिलात तीही रद्द झाली.