सामुदायिक सेवा : शिक्षा आणि तिची पूर्तता

नवे फौजदारी कायदे 1 जुलै 2024 पासून देशभर लागू झाले. त्यांची संपूर्ण अंमलबजावणी करणारे पहिले शहर म्हणून 3 डिसेंबर 2024 रोजी चंडीगढ येथे समारंभ झाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 4 ने फाशी, जन्मठेप, कारावास, मालमत्तेची जप्ती आणि दंड या जुन्या शिक्षांच्या पंक्तीत सामुदायिक सेवेला बसवले आहे.

कल्पना मात्र जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1972 च्या कायद्याने 40 ते 240 तासांचे विनामोबदला काम, तेही अपराध्याच्या संमतीने, देता येऊ लागले. आपल्याकडे 1978 साली राज्यसभेने संमत केलेल्या विधेयकात ही शिक्षा होती. पुढल्या वर्षी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले.

आता ही शिक्षा मोजक्याच किरकोळ अपराधांना आहे. दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन हा त्यांपैकी एक. पण खरी कसोटी चोरीच्या बाबतीत लागते. समजा, चंडीगढच्या सेक्टर 17 मधील बाजारातून एकाने जुनी सायकल पळवली. तिची किंमत पाच हजार रुपयांहून कमी आहे, त्याची ही पहिलीच दोषसिद्धी आहे आणि सायकल मालकाला परत मिळाली आहे. अशा माणसाला तुरुंगात धाडता येत नाही. त्याला सेवाच फर्मावावी लागते.

सेवा म्हणजे समाजाला उपयोगी पडणारे विनामोबदला काम, एवढेच नागरिक सुरक्षा संहिता सांगते. त्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. दंड भरल्याची पावती मिळते, कैद्याची नोंद तुरुंगाच्या दप्तरी असते; सेवा पुरी झाली हे मात्र कोणीतरी रोजच्या रोज पाहून लिहावे लागते. हे काम बहुधा उद्यानाच्या मुकादमाकडे किंवा रुग्णालयाच्या कारकुनाकडे येणार. अपराध्यावर देखरेख ठेवणे हा काही त्यांचा व्यवसाय नव्हे. हजेरीपटाचा कागद दंडाधिकाऱ्यांपुढे वेळेवर न गेला, तर निकाल फाइलीतच राहतो.

रोजंदारीवर जगणाऱ्याची अडचण निराळीच. दिवसा सेवा केली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. इंग्लंडमध्ये कामधंदा सांभाळून उरलेल्या वेळात सेवा घेण्याचा प्रघात पडला, तो याचसाठी. चंडीगढमध्ये सेक्टरवार उद्याने आणि बाजार असल्याने घराजवळ, संध्याकाळी किंवा रविवारी काम नेमून देणे अवघड नसावे. हा विचार न करता दिलेली सेवा अर्ध्यावर सुटते. आणि सेवेत कसूर झाली की साध्या कारावासाची तरतूद आहेच. सायकल परत केलेला तो माणूस मग हजेरीतील खाड्यांपायी तुरुंगात जाऊ शकतो.