घाटवाटांची बेणणी

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा पुढें घेतला, तर त्याची पूर्वेकडील हद्द म्हणजे सह्याद्रीची एक अखंड भिंतच दिसते. आपण तिला सहज भिंत म्हणतों. परंतु आपल्या पूर्वजांनीं तिला कधीं भिंत मानलें नाहीं. खेडपासून राजापुरापर्यंत या रांगेंतून हातलोट, आंबवली, कुंभार्ली, तिवरा, माळा, कुंडी, आंबा, अणस्कुरा, काजिर्डा अशा किती तरी वाटा वर जात. १८८० सालीं निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराचा दहावा खंड रत्नागिरी व सावंतवाडी यांचा आहे. त्यांत या घाटांची माहिती सांपडते. गाडी जाण्याजोगे घाट त्या काळीं थोडे. बाकीचे लादलेल्या बैलांचे, नाहीं तर केवळ पायवाटेचे. आज कुंभार्ली, आंबा, अणस्कुरा यांवरून मोटारी धांवतात. उरलेल्यांचें काय झालें, हा प्रश्न आम्हांस बरीच वर्षें छळीत आहे, आणि ज्यांचें मूळ गांव घाटाच्या पायथ्याशीं आहे त्या वाचकांसही तो परका वाटणार नाहीं.

उत्तर थोडक्यांत असें कीं, त्यांपैकीं पुष्कळ वाटा बुजल्या. कोणी बुजविल्या नाहींत. आपण जाण्याचें सोडलें एवढेंच. या जिल्ह्यांत वर्षाकांठीं सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि घाटमाथ्यावर तर त्याहूनही पुष्कळ जास्त. एवढ्या पावसांत चार महिने न चाललेली वाट पांचव्या महिन्यांत ओळखूं येत नाहीं, आणि चार वर्षें न चाललेली वाट कोठें होती यावर दोन म्हाताऱ्यांचें एकमत होत नाहीं.

पूर्वी हें होत नसे, कारण वाटेवर रहदारी होती. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी वर जाई. वरून धान्य, गूळ, मिरची, तंबाखू खालीं उतरे. दसरा झाला कीं बैलांचे तांडे सुरू होत. त्यापूर्वीं पायथ्याच्या गांवचीं माणसें कोयते घेऊन वाट मोकळी करीत. कोंकणांत या कामाला बेणणी म्हणतात. आंब्याच्या बागेंतील रान काढणें तीही बेणणी, आणि वाटेवरची झाडी सवळणें तीही बेणणीच. शब्द एकच असल्यामुळें माणसाला तें काम परोपकाराचें वाटत नसे. बागेसारखीच वाटही आपली, अशी त्यामागील समजूत होती.

येथें कोणी विचारील कीं, घोड्यांचें काय? मराठ्यांचा इतिहास घोड्यावर घडला आणि घाट मात्र बैलांचे, हें कसें? त्याचें कारण जनावराच्या खुरांत आहे. बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळें ओल्या कातळावर तो पाय पसरून रोवूं शकतो. घोड्याचा खूर अखंड, त्यांत नाल मारलेला. शेवाळलेल्या पाखाडीवर तो घसरला कीं घोडा व स्वार दोघेही दरींत. शिवाय कोंकणची दमट हवा आणि निःसत्त्व गवत घोड्याला मानवत नाहीं. म्हणून घाट चढतांना शहाणा स्वार पायउतार होई आणि लगाम हातांत धरून चाले. तरीही घोडे या वाटांनीं आले आणि गेले. १६६१ सालीं शिवाजीमहाराजांनीं राजापुरावर स्वारी करून इंग्रजांची वखार लुटली, तेव्हां त्यांची फौज याच रांगेच्या आसऱ्यानें वावरत होती. आणि १६८९ च्या फेब्रुवारींत मुकर्रबखान मोजक्या स्वारांनिशीं कोल्हापुराकडून घाट उतरून संगमेश्वरावर आला, त्या वेळीं एवढ्या झाडींतून एवढ्या लवकर कोणी येऊं शकेल हें संभाजीमहाराजांच्या माणसांस खरें वाटलें नाहीं. त्या अविश्वासाची किंमत महाराष्ट्राला किती द्यावी लागली, तें येथें सांगण्याची जरुरी नाहीं.

शिकारीचीही गोष्ट अशीच आहे. घोड्यावर बसून भाल्यानें डुक्कर मारण्याचा खेळ घाटावरच्या मोकळ्या माळांचा. कोल्हापूरच्या शाहूमहाराजांस त्याची फार आवड होती. कोंकणच्या किर्र रानांत भाला उगारायलाही जागा नाहीं. येथील पारध पायींच होई. गांवच्या देवीचा कौल घेऊन मंडळी निघत. हाकारे एका बाजूनें रान उठवीत, बंदुकवाले वाटांच्या तोंडाशीं दबून बसत, आणि सांपडलेल्या जनावराचे वांटे घरोघर, अगदीं कुत्र्यांच्या वांट्यासह, ठरल्या रीतीनें पडत. आमच्यासारख्या घरांतून मांस शिजत नसे. तथापि नाचणीचें उभें शेत एका रात्रींत डुकरांनीं नांगरून टाकलें म्हणजे दारूगोळ्याचा खर्च ओटीवरूनच मिळे, असें वृद्ध मंडळींकडून आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. या पारधीमुळें रानांतील आडवाटा मोकळ्या राहत. बसण्याच्या जागा ठरलेल्या, म्हणून तेथपर्यंतची वाट दरवर्षीं सवळावी लागे. शिकारीचें समर्थन करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण वाटेच्या इतिहासांतून तिला वगळतां येत नाहीं.

आतां कामाविषयीं. ज्यांनीं हें काम कधीं पाहिलें नाहीं, त्यांना तें केवळ झाडें तोडण्याचें वाटतें. वस्तुतः झाडें तोडणें हा त्यांतील लहानसा भाग होय. हत्यारें फार नाहींत: कमरेच्या आकडीला अडकविलेला कोयता, एक-दोन कुऱ्हाडी, दोघांनीं ओढण्याची करवत, एक पहार, एक कुदळ, आणि प्रत्येकाच्या हातांत काठी. ही काठी चालण्यासाठीं नव्हे. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठीं पूर्वींपासून कुप्रसिद्ध आहे; तीं मारण्याबद्दल एकोणिसाव्या शतकांत सरकार बक्षिसें देत असे. दगड हातानें उचलण्यापूर्वीं काठीनें हलविला पाहिजे. वरच्या फांद्यांवर हिरवा चापडा असतो. तो पानांशीं इतका मिळून जातो कीं कोयता उगारण्यापूर्वीं फांदी एकदां झोडून घेणें बरें. खाजकुयलीच्या शेंगा वाळण्याच्या आंत, म्हणजे दिवाळीच्या सुमारासच, वेल कापून टाकावा. मार्गशीर्षानंतर त्या शेंगांची कूस वाऱ्यानें उडते आणि सगळी टोळी अंग खाजवीत परत फिरते.

पायीं चालणाऱ्यासाठीं वाट मोकळी करणें सोपें, कारण माणूस वाकतो. बैलाच्या पाठीवरील गोणी वाकत नाहीं, आणि घोड्यावरील स्वार वाकला तरी त्याचें पागोटें फांदींत राहतें. म्हणून जनावराची वाट करावयाची तर उंचीवर लक्ष ठेवावें लागतें. नवशिका माणूस डोळ्यांसमोरचें तेवढें तोडतो. झुडूप कापतांना आणखी एक पथ्य आहे. कोयत्याचा घाव स्वभावतःच तिरपा बसतो आणि मागें भाल्यासारखा टोंकदार खुंट उरतो. तो गवतांत लपून माणसाचा तळपाय अगर जनावराचा खूर फोडतो. जाणता माणूस खालीं बसून जमिनीलगत घाव घालतो. कंबर मोडते खरी, पण त्यास इलाज नाहीं.

कारवीचें प्रकरण निराळेंच आहे. ती सात वर्षांनीं एकदां फुलते, तेव्हां डोंगर निळेजांभळे होतात, आणि लोक मोटारी करून पाहावयास जातात. फुलून झाल्यावर ती मरते. मग पुढच्या दोन पावसाळ्यांत तिच्या वाळक्या काठ्या वाटेवर आडव्यातिडव्या कोसळतात, त्याकडे पाहावयास कोणी जात नाहीं. पूर्वी या काठ्या कुडाच्या भिंतींसाठीं लोक भारे बांधून नेत, त्यामुळें वाट आपोआप स्वच्छ होई. आतां कुडाचीं घरें राहिलीं नाहींत.

मोठें झाड आडवें पडलें असेल तर शक्य तेथें त्याला वळसा घालून जावें. सरसकट तोडीत सुटूं नये. तोडावेंच लागलें तर आधीं खोड कशावर टेकलें आहे तें पाहावें. दोन्ही टोंकें टेकलेलीं आणि मध्य पोकळ असेल तर वरून घातलेली करवत थोड्याच वेळांत खोडांत चिमटून बसते, कारण वजनानें वरची चीर मिटत जाते. अशा वेळीं वरून थोडें कापून चिरेंत पाचर ठोकावी आणि उरलेलें खालून कापावें. एक टोंक अधांतरीं असेल तर याच्या उलट. हें शहाणपण पुस्तकांत वाचून येत नाहीं. एकदां करवत अडकली म्हणजे येतें.

परंतु वाटेचा खरा शत्रु झाडी नसून पाणी आहे. झाडी आलेली वाट पुन्हां मोकळी होते. पाण्यानें वाहून गेलेली वाट पुन्हां होत नाहीं. डोंगराच्या उतारावरून येणारें पाणी वाटेला लागलें कीं तें तिलाच पऱ्या समजून वाहूं लागतें, आणि दोन पावसाळ्यांत गुडघाभर घळ पडते. यावर जुन्या लोकांची योजना साधी होती. वाटेला तिरपी अशी दगडांची ओळ थोड्याथोड्या अंतरावर जमिनींत पुरावयाची, म्हणजे पाणी तेथें अडून दरीच्या बाजूस निघून जातें. अशा ओळी जुन्या घाटांत अजून पाहावयास मिळतात. पुष्कळदां वर इतका पाला व माती साचते कीं दगड दिसत नाहींत; कुदळीनें तेवढें उकरून दिलें कीं ओळ पुन्हां काम करूं लागते. एक माणूस दिवसभरांत अशा ज्या दहापांच ओळी मोकळ्या करतो, त्यांचें मोल दहा जणांनीं केलेल्या तोडीहून अधिक आहे, असें आमचें मत आहे.

अमेरिकेंत या कामाला केवढी प्रतिष्ठा आहे तें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. तेथें १९६४ सालीं कायदा करून मोठमोठीं अरण्यें निर्मनुष्य व निर्यंत्र राखून ठेविलीं. अशा अरण्यांत मोटार तर नाहींच, पण यंत्राची करवतही चालत नाहीं. मग वाटा कशा राखावयाच्या? घोडे व खेचरें यांवर सामान लादून, हातकरवती व कुऱ्हाडी घेऊन माणसें आंत जातात आणि पडलेलीं झाडें एकेक करून बाजूस सारतात. लादलेल्या जनावरासाठीं साधारण आठ फूट रुंद व दहा फूट उंच अशी मोकळीक ठेवण्याची तेथें वहिवाट आहे. शरदृतूंत हरणांच्या शिकारीचा हंगाम येतो. तेथें शिकार परवान्यानें चालते, आणि आपली वाट आपण राखावी म्हणून शिकारीच पुष्कळदां करवत घेऊन पुढें होतात.

आपल्याकडे स्थिति निराळी आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पारध बंद झाली. १९५८ सालीं दाजीपूरच्या रानांत गव्यांसाठीं अभयारण्य झालें होतेंच. पुढें १९८५ सालीं कोयनेचें अभयारण्य झालें, २००४ सालीं चांदोलीस राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१० सालीं कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. घाटमाथ्यावरचीं गांवें उठलीं. त्यापूर्वींच कोयनेच्या धरणानें खोऱ्यांतील गांवें पाण्याखालीं घालविलीं होतीं. म्हणजे खेड-चिपळुणाकडून वर चढणाऱ्या कित्येक वाटांना वर पोहोंचण्याचें ठिकाणच उरलें नाहीं. ज्या वाटेच्या दुसऱ्या टोंकाला कोणी आप्त नाहीं, बाजार नाहीं, ती बेणून करावयाचें काय, हा पायथ्याच्या कुणब्याचा प्रश्न रास्त आहे. वाघासाठीं रान निवांत असावें हेंही रास्त आहे. तेथील वाटा बुजूं द्याव्या असें कोणी म्हटलें तर आम्ही वाद घालणार नाहीं.

पण अभयारण्याच्या बाहेरचें काय? मुलें मुंबई-पुण्यास गेलीं, वरकस जमिनी पडीक राहिल्या, आणि रान हळूहळू गांवच्या गडग्याला येऊन भिडलें. डुकरें व वानरें आतां परसांत उतरतात. डुकरांच्या उपद्रवाबद्दल रीतसर अर्ज करून परवानगी मिळविण्याची, नुकसानभरपाई मागण्याची सोय कायद्यांत आहे. परंतु शेताकडे जाणारी पाखाडीच जर करवंदी व रानमोडीखालीं गेली असेल, तर राखण करावयास जाणार कोण आणि पंचनामा करावयास येणारा पोहोंचणार कसा? पुष्कळ ठिकाणीं शेत सोडण्याच्या आधीं वाट सुटलेली असते. घरांतील एकच म्हातारा माणूस जात असतो. एके वर्षीं त्याच्यानें कोयता चालवत नाहीं, आणि पुढच्या वर्षीं नाचणी पेरली जात नाहीं.

ज्या घरांचे तरुण दिवाळीस गांवीं जातात, त्यांनीं एक-दोन दिवस या कामास द्यावे असें आम्हांस वाटतें. वाट खाजगी अगर गांवची असेल तर ग्रामपंचायतीस विचारावें. राखीव रानांतून जात असेल तर वनखात्याच्या लेखी परवानगीवांचून कोयत्याला हात लावूं नये. बरोबर गांवांतील एखादा जाणता मनुष्य, शक्य तर धनगरवाड्यावरचा, अवश्य असावा. जुनी वाट कोणत्या दांडानें वर गेली हें त्यालाच ठाऊक असतें. पेट्रोलवर चालणारीं गवत कापण्याचीं यंत्रें आतां घरोघर आलीं आहेत. गवताला तीं चांगलीं. कारवीला आणि दगडाला तीं निरुपयोगी, शिवाय त्यांच्या आवाजांत साप ऐकूं येत नाहीं. तोडलेली झाडी वाटेंत जाळूं नये, दरीच्या बाजूस फेकावी. परततांना पाण्याच्या ओळी पुन्हां एकदां पाहाव्या.

अजून जिवंत असलेली जुनी घाटवाट पाहावयाची असेल त्यानें खेड तालुक्यांतील चोरवण्यास जावें. तेथून उभ्या चढानें नागेश्वराच्या गुहेकडे वाट जाते आणि पुढें वासोट्याकडे वळते. बाकीच्या वाटा व्यापारावर जगल्या आणि व्यापाराबरोबर गेल्या. हिला महाशिवरात्रीची यात्रा आहे. माघ वद्य चतुर्दशीला खालच्या गांवचीं माणसें, त्यांत साठीच्या पुढच्या बायकाही, अनवाणी वर चढतात.