चिरमिरी : खाणीमागून आलेलं गाव

मी रायपूरहून बोलतोय, पण आज जायचंय उत्तर छत्तीसगडच्या डोंगरात, चिरमिरीला.

हे पूर्वी कोरिया संस्थानात होतं. १९३०च्या सुमारास रेल्वे पोहोचली आणि कोळसा बाहेर पडू लागला. गाव एकसंध वसलंच नाही. जिथे खाण तिथे वसाहत; हल्दीबाडी, गोदरीपारा, डोमनहिल अशी. १९४८मध्ये संस्थान मध्य प्रांत-वऱ्हाडात विलीन झालं. म्हणजे १९५६पर्यंत चिरमिरीची राजधानी चक्क आपलं नागपूर! १९७३मध्ये खाणी सरकारी झाल्या.

खरा प्रश्न कोळसा संपल्यावरचा. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात १९५१च्या आराखड्याने शंभराहून अधिक खाणगावं ‘ड’ वर्गात टाकली. तिथे नवं बांधकाम नाही, नवा खर्च नाही. लोक भांडले, तरी काही गावं पाडली गेली. चिरमिरीला असा शिक्का कुणी मारलेला नाही. पण क्वार्टर कंपनीचं; निवृत्तीनंतर ते रिकामं करावं लागतं. वडिलांची नोकरी संपली की तिथेच वाढलेल्या मुलांना सामान बांधावं लागतं. कोळसा अजून शिल्लक असला तरीही.