रक्ताचा गाळ आणि डोळ्यांचा प्रकाश

पावसाळ्यात पाणी गढूळ आले, की घरोघरी त्यात तुरटी फिरवतात. थोड्याच वेळात गाळ तळाशी बसतो. असे का होते? मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी हे प्रतिसारण कमी करते. कण एकत्र येतात व झपाट्याने खाली बसतात.

रक्ताचेही काहीसे असेच आहे. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळून ते उभ्या नळीत ठेवले, तर तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात. एका तासात त्या किती मिलिमीटर खाली गेल्या, हे मोजणे म्हणजेच 'ई. एस. आर.' तपासणी. तिची पद्धत स्वीडनचे आल्फ वेस्टरग्रेन यांनी १९२१ साली मांडली.

तांबड्या पेशींवरही ऋणभार असतो. शरीरात दाह सुरू झाला, की यकृत फायब्रिनोजेन हे प्रथिन जास्त तयार करते. त्यामुळे पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात. स्टोक्सच्या नियमानुसार द्रवात पडणाऱ्या गोल कणाचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्रिज्या दुप्पट, तर वेग चौपट! चळत गोल नसली, तरी ती सुट्या पेशीपेक्षा वेगाने का बसते, हे यावरून कळेल.

या साध्या मापनाचा डोळ्यांशी काय संबंध? 'जायंट सेल आर्टरायटिस' हा धमन्यांच्या दाहाचा रोग पन्नाशीनंतर होतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत तो अधिक आढळतो, भारतात कमी. कानशिले दुखतात, केस विंचरताना डोके हुळहुळते, घास चावताना जबडा दुखतो. ई. एस. आर. बहुधा ५० च्या वर, कधी १०० च्याही पुढे जातो. यकृतात बनणारे सी. आर. पी. हे दुसरे प्रथिनही वाढते.

मग आकडा जितका मोठा, तितका दृष्टीला धोका अधिक, असेच ना? नाही! दृष्टी गमावलेल्या काही रुग्णांत हे आकडे इतरांपेक्षा कमीच आढळले आहेत. क्वचित ई. एस. आर. सामान्यही असतो. कारण ही तपासणी सांगते रक्तातील प्रथिनांविषयी; दृष्टी अवलंबून असते ती दृक्‌चेतेला रक्त पुरविणाऱ्या बारीक धमन्यांवर. दाहाने धमनीची भिंत सुजते, आतली वाट अरुंद होते. प्वासईच्या नियमाप्रमाणे, दाब तोच असता, नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चतुर्थ घातावर ठरतो. त्रिज्या निम्मी झाली, की प्रवाह उरतो फक्त सोळावा हिस्सा!

म्हणून संशय बळावताच डॉक्टर स्टिरॉइड सुरू करतात. धमनीच्या तुकड्याच्या तपासणीसाठी थांबत नाहीत. गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही, आणि उपचार न झाल्यास काही दिवसांतच दुसरा डोळाही जाऊ शकतो.

तेव्हा मित्रांनो, आजी-आजोबांना कानशिलाचे असे नवे दुखणे जडले, किंवा डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली, तर 'उद्या पाहू' म्हणू नका. मोजलेला आकडा मोलाचा खराच; पण तो नेमके काय मोजतो, हे विचारणे त्याहून मोलाचे.