राफ्ट वाढले म्हणून काळी नदी वाढत नाही

शनिवार-रविवारी पुणे, बेळगाव, हुबळी आणि गोव्याकडून जी गर्दी ‘दांडेलीच्या राफ्टिंगला’ निघते ती प्रत्यक्षात उतरते गणेशगुडीला, आणि गणेशगुडी आहे जोयडा तालुक्यात. नुसत्या पत्त्याची चूक असती तर सोडून देता आली असती. पण या पत्त्याला एक समजूत चिकटलेली आहे: जंगलातून मोकळी धावणारी रानटी नदी, तिच्यात वाट्टेल तेवढं पाणी, त्यामुळे गर्दी वाढली की राफ्ट वाढवावेत आणि राफ्ट मावेनासे झाले की नदीचा आणखी एखादा पट्टा खुला करावा. होमस्टे, जीप, जेवणावळी यांचं गणित या समजुतीवर मांडलं जातं, कर्जंही काढली जातात. वस्तुस्थिती अशी की गणेशगुडीच्या खळाळांत किती माणसं जाऊ शकतात हे राफ्टच्या संख्येवर फारसं ठरत नाही. ते ठरतं धरणाच्या पायथ्याशी कोणत्या वेळी जनित्र फिरतं त्यावर.

काळी नदी जोयडा तालुक्यातल्या डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे 184 किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. गणेशगुडीला तिच्यावर सुपा धरण आहे, 101 मीटर उंचीचं. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं जुनं सुपा, म्हणजे तालुक्याचं मूळ ठाणं, या जलाशयाखाली गेलं. विस्थापितांतली बरीच कुटुंबं रामनगरला वसली आणि तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. साठा सुमारे 145 टीएमसी, म्हणजे कोयनेच्या 105 टीएमसीहूनही मोठा. धरणाच्या पायथ्याशी कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनचं वीजघर आहे, 50 मेगावॅटची दोन युनिटं. पाणी 80 मीटरवरून पडतं असं धरलं, तर एक युनिट पूर्ण क्षमतेने चालताना सेकंदाला साधारण 70 घनमीटर पाणी नदीत सोडतं. राफ्ट चालतात ते या पाण्यावर. युनिट थांबलं की काही वेळात खडक वर येतात, आणि मघाशी ज्या रॅपिडने बारा जणांना भिजवलं तिथून माणूस दगडांवरून चालत पलीकडे जातो. तेच युनिट पुन्हा सुरू झालं की दगडांवर फोटो काढत बसलेल्यांची पळापळ होते. ‘पाणी शांत आहे, उतरा’ हा सल्ला धरणाखालच्या नदीत सर्वांत धोक्याचा आहे तो याचसाठी.

मग राफ्ट दुप्पट केले तर काय होईल? हिमक्रीडेच्या जगात हा प्रश्न जुनाच आहे. गुलमर्गला गंडोलाचा पहिला टप्पा 1998 ला आणि अफरवटकडे जाणारा दुसरा 2005 ला सुरू झाला, तेव्हा उतारही खूप उंचापर्यंत खुले झाले. पण जिथे उतार आहे तेवढाच ठेवून फक्त पाळणा वेगवान केला जातो, तिथे वर पोचणारी माणसं वाढतात आणि खाली घसरताना दाटी होते. गणेशगुडीचं तसंच आहे. एक राफ्ट रॅपिड पार करून बाजूच्या संथ पाण्यात थांबल्याशिवाय मागचा आत घालता येत नाही, कारण पुढचा उलटला तर पाण्यात पडलेल्या माणसांवर मागचा येऊन आदळतो. दोन राफ्टमध्ये तीन मिनिटांचं अंतर आणि दोन तास पुरेसं पाणी असं धरा: चाळीस राफ्ट, प्रत्येकी सात जण, म्हणजे 280 माणसं. याहून जास्त न्यायची तर अंतर कमी करा किंवा एका राफ्टमध्ये जास्त माणसं कोंबा. दुसऱ्या वाटेने काय होतं ते एप्रिल 2022 मध्ये दिसलं. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवलेला राफ्ट गणेशगुडीजवळ अडकला, माणसं कशीबशी वाचली आणि प्रशासनाने जलक्रीडांना लगाम घातला. त्या आठवड्यात नियम पाळणाऱ्यांचाही धंदा बसला.

राहिला नवा पट्टा उघडण्याचा मुद्दा. नकाशावर 184 किलोमीटरची नदी बघून वाटतं की दहा-बारा किलोमीटरवरच का अडून बसायचं. पण काळी आता सलग नदी राहिलेली नाही, ती जिन्यासारखी झाली आहे. सुप्याच्या वर जलाशयाचं उभं पाणी, तिथे नाव चालेल पण खळाळ नाही. खाली गणेशगुडीपासूनचे काही किलोमीटर उताराचे, खडकाळ, राफ्टिंगलायक. मग दांडेलीकडे जाताना पात्र पसरट होत जातं. त्यापुढे बोम्मनहळ्ळीचं धरण आहे. तिथून पाणी बोगद्याने नागझरीच्या वीजघरात पडतं. काळीवरची साडेआठशे मेगावॅटहून अधिक वीज या एका ठिकाणी होते. त्यामुळे पाऊस नसताना बोम्मनहळ्ळीखालच्या पात्रात पाणी फारसं नसतंच. आणखी खाली कोडसळ्ळी, मग कद्रा, दोन्हींची पाठपाण्यं. थोडक्यात, जिथे उतार आहे तिथे पाणी बोगद्यात आहे आणि जिथे पाणी आहे तिथे उतार नाही. दोन्ही एकत्र मिळतात असा तुकडा सुप्याच्या पायथ्याचा, आणि तो आधीच वापरात आहे.

पावसाळ्याबद्दलचा गैरसमज लवकर आटोपता येतो. जोयड्यात धो धो पाऊस पडतो, मग राफ्टिंग नेमकं तेव्हाच बंद का, असं पर्यटक विचारतात. पावसाळ्यात खालच्या धरणांना त्यांच्याच पाणलोटातून पाणी मिळतं, तेव्हा सुप्याचं पाणी उन्हाळ्यासाठी राखणं शहाणपणाचं असतं. आणि ओढ्यानाल्यांचा लोंढा नदीत उतरला की तो कोणाच्या कळीने बंद होत नाही.

जास्त जोराने मांडला जाणारा आक्षेप जंगलाबद्दल आहे. 2007 मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, 2015 मध्ये त्याला काळीचं नाव मिळालं, आणि तेव्हापासून ‘वाघामुळे जोयड्याचा विकास अडला’ हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतं. रस्ता, मोबाइलचा टॉवर, शाळा, दवाखाना यांच्या परवानग्यांबाबत त्यात तथ्य आहे. पन्नास हजारांच्या आसपास लोकसंख्येच्या, वाड्या-वाड्यांत विखुरलेल्या तालुक्यात एका परवानगीसाठी वर्षानुवर्षं थांबणं ही चेष्टाच असते. कुणबी आणि गवळी वस्त्यांनी हे सोसलं आहे, धरणांसाठी गावंही सोडली आहेत. पण राफ्टिंगचा प्रश्न वाघापाशी अडलेला नाही. उद्या जंगलाचे सगळे निर्बंध उठवले तरी सुप्याच्या दोन युनिटांची तीन होणार नाहीत आणि बोगद्यातलं पाणी पात्रात येणार नाही. दोन वेगळी गाऱ्हाणी एकाच अर्जात घातली की दोन्हींची सुनावणी लांबते.

तेव्हा मागायचं असेल तर वेळापत्रक मागावं. शेजारी उदाहरण आहे. ज्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याचं पाणी भिऱ्याला वीज करून पुढे कुंडलिकेत येतं आणि कोलाडचं राफ्टिंग त्यावर चालतं. पाणी सकाळी सुटतं, म्हणून कोलाडचा सगळा दिवस सकाळभोवती आखलेला असतो. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओकोई नदीवर याहून पुढची पायरी गाठली गेली. तिथलं वीजघराकडे पाणी नेणारं लाकडी पन्हाळं 1976 मध्ये बंद पडलं, नदीत पाणी आलं, राफ्टिंगचा धंदा उभा राहिला. पन्हाळं दुरुस्त झाल्यावर पाणी पुन्हा जाणार म्हणून भांडण पेटलं. अखेर अमेरिकी काँग्रेसने बुडणाऱ्या विजेपोटी 74 लाख डॉलर दिले आणि ते राफ्टिंग करणाऱ्यांच्या शुल्कातून फेडायचं ठरलं.

‘खेळासाठी वीज वाया घालवायची का?’ हा प्रश्न ओकोईला लागू होता, कारण तिथे नदीत सोडलेलं पाणी टर्बाइनला मुकत होतं. सुप्याला तो लागू होत नाही. इथे राफ्टखालचं पाणी आधीच जनित्रातून आलेलं असतं आणि पुढे बोम्मनहळ्ळीत साठून नागझरीला पुन्हा वीज करतं. प्रश्न उरतो वेळेचा. कर्नाटकात दुपारची सौर वीज वाढते आहे. एकट्या पावगडच्या सौर पार्कची क्षमता 2,000 मेगावॅटच्या वर आहे. त्यामुळे जलविद्युत दिवसा थांबवून संध्याकाळी चालवण्याचा मोह वाढत जाईल, आणि राफ्ट अंधारात चालत नाहीत. एक युनिट संध्याकाळऐवजी सकाळी दोन तास चालवलं, तेवढं पाणी राफ्टला पुरलं आणि विजेच्या दोन वेळांच्या किमतीत युनिटमागे दोन रुपयांचा फरक पडला असं धरू. 50 मेगावॅटने दोन तासांत एक लाख युनिटं होतात, म्हणजे फरक दोन लाखांचा. 280 माणसांत वाटला तर माणशी साधारण 715 रुपये. शनिवारी हे शुल्क तिकिटावर चढवता येईल. मंगळवारी पाच राफ्ट भरले तर तोच आकडा माणशी 5,700 च्या घरात जातो, आणि तेव्हा संध्याकाळपर्यंत पाणी धरून ठेवणारा अभियंताच बरोबर असतो.