बोटं सुटी कशी होतात? पेशींच्या ठरलेल्या मृत्यूची गोष्ट

हाताची बोटं फाकवून बघा. मधली जागा मोकळी दिसते, पण गर्भात ती तशी नसते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास आपला पंजा वल्ह्यासारखा चपटा असतो. पुढच्या दोनेक आठवड्यांत बोटांमधल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. हे नीट झालं नाही तर बोटं जोडलेलीच राहतात. त्याला सिंडॅक्टिली म्हणतात.

हा मृत्यू म्हणजे अपघात नव्हे. पेशी आकसते, डीएनएचे तुकडे होतात आणि उरलेले अवशेष मॅक्रोफेज गिळतात. सूज येत नाही. केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली अशा मृत्यूला 'अपॉप्टोसिस' हे नाव दिलं.

मग 'मरा' हा निरोप देतं कोण? कोंबडीच्या गर्भात बोटांमधल्या जागेत बीएमपी नावाची प्रथिनं सापडली. पण थांबा! एखादी गोष्ट घटनास्थळी सापडली म्हणजे तीच कारण, असं होत नाही. म्हणून झोऊ आणि निसवँडर यांनी १९९६ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या पायात बीएमपीचा बिघडवलेला रिसेप्टर घातला. निरोप पोचेना, पेशी मरेनात आणि कोंबडीला पडद्याचे पाय आले. उलट बाजूनेही तपासलं गेलं: बीएमपीत भिजवलेला मणी बोटांमध्ये ठेवला की पेशींचा मृत्यू वाढतो.

आता खरी अडचण. बदकाच्या पायाच्या पडद्यातही बीएमपी असतं, तरी पडदा टिकतो! मग सिद्धांत चुकला का? नाही. बदकाच्या पडद्यात ग्रेमलिन नावाचं प्रथिन असतं, ते बीएमपीला धरून ठेवतं आणि निरोप रिसेप्टरपर्यंत जाऊच देत नाही. १९९९ मध्ये ग्रेमलिन कोंबडीच्या बोटांमध्ये दिल्यावर तिथला पेशीमृत्यू थांबला. म्हणजे निरोप्या आहे की नाही एवढंच बघून भागत नाही, त्याला कोणी अडवलंय का तेही बघावं लागतं. आणखी गंमत म्हणजे हेच बीएमपी बोटाच्या आत कूर्चा बनवायलाही मदत करतं. ऐकणारी पेशी बदलली की निरोपाचा अर्थ बदलतो.

पीएचडीच्या मुलाखतीला जाताना हे तीन प्रश्न सोबत ठेवा: ते तिथे आहे का? काढलं तर घटना थांबते का? घातलं तर घडते का? पहिल्याच उत्तरावर निष्कर्ष काढणारा प्रस्ताव समिती दोन मिनिटांत उलगडून ठेवते. आणि बदकासारखा अपवाद भेटला तर त्याला टाळू नका. पुढचा प्रयोग बहुधा तिथेच असतो.